हलकी केलेली गाडी

रिठद गावातल्या त्या घराच्या अंगणात बाज टाकली की तिच्यावर बसायचा पहिला मान भागिरथाबाईचा. बाज अशी, की मांजर टेकलं तरी कुरकुरायची. नवरा गेल्यावर भागिरथाबाईनं स्वतः ट्रॅक्टर हाकून वावर सांभाळलं होतं. गाड्यांवर बोलायचा हक्क गावात आपल्याशिवाय आणखी कुणाला असेल, हे तिला मान्यच नव्हतं.

समोर तिचा मुलगा बादल आणि त्याचा दोस्त बबलू भांडत होते.

"टर्बो टाक बे. ताकद नसली त गाडी काय कामाची?" बबलू म्हणाला.

"ताकद कोनीबी भरते. वजन काढाले अक्कल लागते." बादलनं आपल्या जुन्या गाडीची मागची शिटं, स्टेपनी, दारांचं अस्तर, सगळं उपटून टाकलं होतं. बॉनेट फायबरचं बसवलं होतं.

"दोघंबी बयताड," भागिरथाबाई म्हणाली. "गाडी पायानं चालते. ब्रेक कवा दाबाचा हे ज्याले समजते, तो डायवर. बाकीचे नुसते धूर काढनारे."

गाडीत काही बदललं की चाकाखाली लिंबू फोडायचं, मगच ती दाराबाहेर काढायची, हा तिचा नेम. तिनं चाकाशी लिंबू ठेवलं. बादलनं गाडी पुढं घेतली. पुढचं चाक लिंबावर चढलं, उतरलं. मागचंही.

लिंबू तसंच होतं.

"बाजूनं गेलं असंन," बबलू म्हणाला.

बाजूनं गेलं नव्हतं. सालीवर टायरची नक्षी धुळीत उमटलेली तिला स्वच्छ दिसत होती. तिनं ते उचलून मुठीत दाबलं. पिचकन रस मनगटावर आला. मग दुसरं ठेवलं, पिकून मऊ पडलेलं. बादलनं गाडी मागं घेतली, पुन्हा पुढं घेतली.

साल फाटली नाही.

"पाह्यलं का, माय?" बादल खिडकीतून हसला. "याले म्हनतात वजन काढनं!"

"उतर खाली."

"मालेगावपर्यंत जाऊन येतो."

"लिंबू फुटलं नाई, बादल."

बबलू दुसरं दार उघडायला निघाला, तसं तिनं त्याचं मनगट धरलं. एकालाच धरता आलं. गाडी गेली.

सायलेन्सर फोडलेला, रोज तिचा आवाज पुलापर्यंत ऐकू यायचा. आज तो अंगणाच्या फाटकापाशीच तुटला.

ऊन कललं. भागिरथाबाई तांब्या भरून बाहेर आली, तर गाडी अंगणात उभी. बाजेवर बसलेल्या बबलूलाही ती कधी आली ते कळलं नव्हतं.

गाडीला ओरखडा नाही. बादलला खरचटलंही नाही. तिचा जीव भांड्यात पडला आणि तोंड सुरू झालं.

"मुर्द्या, जीव घेऊन राह्यला होता माहा!"

"काय सांगू, माय," तो म्हणाला. "वळनावर ब्रेक लागलाच नाई. खड्डे नाई, रोड नाई. कायीच जानवलं नाई."

तो बबलूशेजारी बाजेवर टेकला.

बाज कुरकुरली नाही.

भागिरथाबाईचा हात तांब्यावरच राहिला. बबलूनं तिच्या तोंडाकडं पाहिलं, मग आपल्या शेजारी.

तो हळूच उठला.

बाज एकदा कुरकुरली. दबलेली सुतळी वर आली, सपाट ताणली गेली.

"पानी दे नं, माय," त्या सुतळीवर बसलेला बादल म्हणाला.