उजेडाची शेवटची पायरी

खंडेनवमीच्या सकाळी कोल्हापूरच्या त्या प्रयोगशाळेतल्या तमाम यंत्रांना हळदकुंकू लागलं. झेंडूच्या माळेत वर्णपटमापक नवरदेवासारखा मिरवत होता. "शास्त्रज्ञ झालो म्हणून काय झालं, यंत्र रुसलं की आपणही नारळच फोडतो," असं यदुनाथ म्हणायचा. तो गेल्यापासून कापूर लावायचं काम त्याच्या बायकोकडे, डॉ. शालन देवस्थळीकडे आलं होतं. यंदा मात्र तिचं लक्ष पूजेत नव्हतं. आज ती यदूला बघणार होती.

आरती झाली, प्रसाद वाटून झाला. शालननं टेबलाच्या खणातून एक चपटी डबी काढली आणि ती अंधारखोलीकडे निघाली. दोन महिन्यांपूर्वी रुजू झालेली मेहरून शिकलगार ड्रॉपर घेऊन मागोमाग आली.

"ताई, रागावू नका, पण सरांचे फोटो आहेत की ढीगभर. मग ह्या डबीतल्या पाटीचं एवढं काय?"

"फोटोत चेहरा आहे गं. ह्या पाटीत त्या चेहऱ्याला लागून आलेला उजेड आहे." शालन स्टुलावर बसली. "सोन्याचे तीन अणू, त्यांचं एक कडं. अशी कडी दुरडीतल्या भाकऱ्यांसारखी एकावर एक बसतात. त्यांच्या फटीत उजेड अडकतो आणि वर्षभर राहतो. द्रवाचा थेंब लागला, नाहीतर नुसती वाफ लागली, तरी कडी सरकतात आणि उजेड सुटतो. ह्याला यदूनं नाव दिलं होतं द्रवस्फुरण. आठ सेकंद, आणि एकदाच."

"पण सरांना जाऊन दोन वर्षं होत आली."

"म्हणून तर मध्ये पाटी बदलावी लागली. जाण्याच्या आठवडाभर आधी तो जांभळ्या दिव्यासमोर बसला होता, चाचणीसाठी. सुवर्णपाटीनं ते जांभळं धरलं. वर्ष संपत आलं तेव्हा मी तिला ह्या सोनं-तांब्याच्या पाटीला चिकटवून थेंब सोडला. उजेड पिवळा होऊन इकडे आला. दर खेपेला एक पायरी उतरतो तो. आता सुटेल तो लाल."

"तेव्हा तुम्ही बघितलं नाही?"

"कसं बघणार? जो उजेड पाटीनं घेतला तो डोळ्याला मिळत नाही, आणि डोळ्यानं घेतला तो पाटीला." शालन हसली. "तेव्हा धीर झाला नाही. जपून ठेवावासा वाटला. आता पुढं दिसणारी पायरीच नाही."

दिवा मालवला. शालननं पाटी डोळ्यांसमोर धरली. मेहरूननं थेंब सोडला.

काही झालं नाही. दुसरा थेंब सोडला, तिसरा सोडला. अंधार जसाच्या तसा राहिला.

मेहरूननं दिवा लावला, डबी उचलली आणि नाकाशी नेली. "ताई, कापूर."

शालननं डबी हुंगून पाहिली. खण पूजेच्या टेबलाचाच होता. कापराची वाफ झाकणाच्या फटीतून आत गेली होती आणि आरती चालू असताना यदू डबीतल्या डबीत उजळून विझला होता. सगळे टाळ्या वाजवत होते तेव्हाच.

"माझ्याच हातानं," ती म्हणाली. "दोन वर्षं जपलं आणि माझ्याच हातानं."

मेहरून डबीत डोकावली. मग म्हणाली, "पण ताई, सुटलेला उजेड पडला कुठं?"

"डबीत. झाकणावर."

"पाटीवर झाकण कशाचं होतं?"

शालननं मान वर केली. पाटीवर चरा पडू नये म्हणून तिच्यावर दुसरी कोरी पाटी पालथी घालायची, ही यदूची शिस्त. काल पाटी ह्या डबीत ठेवताना हाताशी होती ती मेहरूननं नवी बनवलेली ताम्रपाटी. तांबं लाल उजेड घेतं, नुसत्या वाफेला सोडत नाही, आणि थेंब लागला की देतं ते डोळ्याला न दिसणारं. नुसती ऊब.

"उष्णताकॅमेरा आणते!" मेहरून उठलीच. "पडद्यावर चेहरा उमटेल, ताई. अगदी स्पष्ट!"

"नको."

"अहो, हीच एक संधी आहे!"

"म्हणूनच नको. कॅमेऱ्यानं घेतला तर मला काय उरलं? आणखी एक फोटो." शालननं ताम्रपाटी उचलली आणि गालाला लावली. "मागच्या बाजूनं सोड थेंब."

मेहरूननं थेंब सोडला.

पाटी कोमट झाली. तापात पोळणाऱ्या हातासारखी नव्हे. जेवण झाल्यावर शेजारी येऊन बसलेल्या माणसाच्या गालासारखी. दोन वर्षं तिनं त्याचे फोटो पाहिले होते, आणि तेवढा सगळा काळ तिचा गाल गारच होता. शालन रडली, मेहरूनची लाज न बाळगता रडली.

"ताई, आठ सेकंद होऊन गेले," मेहरून हळूच म्हणाली.

"हो गं."

पाटी अजून कोमट लागत होती. ती ऊब आता आपल्याच गालाची आहे, हे शालनला मेहरूनपेक्षा चांगलं ठाऊक होतं. तरी तिनं गाल काढला नाही.