दोन ल गॉफ

“ल गॉफ!” दातांच्या दवाखान्यातल्या बाईंनी हाक मारली आणि आम्ही दोघं एकदमच उठलो. मी, आणि समोरचा तो उंच, भिजलेल्या केसांचा मुलगा.

त्यानं माझ्या सुजलेल्या गालाकडे पाहिलं. “तुम्ही जा आधी. आडनाव एकच असलं तरी गाल तुमचाच मोठा आहे.”

माझं झाल्यावर मी पावसाच्या सबबीवर थांबले... छत्री पर्समध्येच होती.

त्याचं नाव एर्वान. बंदरावर होड्यांची शिडं शिवायचा. मग रोज संध्याकाळी आम्ही आमच्या सँ-ब्रिओ शहरातल्या बागेत भेटू लागलो. तिथल्या पुतळ्यापाशी त्यानं एकदा छाती फुगवली. “हे शिल्पकार ल गॉफ बंधू माझे!”

तिघे भाऊ, तिघेही पहिल्या महायुद्धात गेलेले.

“मग माझ्या वाट्याला कोण?”

“तो इतिहासकार ल गॉफ घे. जाडजूड पुस्तकं लिहिणारा. तूही एकदा सुरू झालीस की—”

मी त्याला ढकललं. त्यानं माझा हात धरला, आणि सोडला नाही.

“तुमचं मूळ गाव कुठलं रे?”

“प्लुआ.”

घरी जेवताना मी सहज म्हणाले, “पापा, मला प्लुआचा एक ल गॉफ भेटला.” पापांचा काटा ताटातच थांबला. ते न जेवता उठले.

पापांचा एक भाऊ भांडून घर सोडून गेला होता. त्याचं नावही घरात निघत नसे. तो प्लुआला तर गेला नसेल? एर्वान त्याचाच मुलगा... माझा सख्खा चुलत भाऊ? त्याच्या भुवया तर थेट पापांसारख्या!

मी बागेत जाणं बंद केलं. त्याचे फोन वाजत राहायचे, आणि मी नखं खात बसायचे.

शेवटी राहवेना. पापा मोरीत शिंपले घासत होते.

“पापा, तो प्लुआचा एर्वान काकांचा मुलगा आहे का?”

“काकांचा?” ते चमकले. “नाही गं! तुझा काका तर कॅनडात आहे.” मग त्यांनी हातातला शिंपला नळाखाली धरला. “प्लुआची मॅरीव्होन ल गॉफ... त्याची आत्या असणार. आमचं लग्न ठरत होतं. माझी आई म्हणाली, एक आडनाव म्हणजे एक रक्त. मी घाबरलो. एका शब्दानं चौकशी केली नाही.”

“आणि नातं?”

“कसलं नातं! ल गॉफ म्हणजे लोहार. गावोगावी लोहार होते, पोरी. मला कळलं तेव्हा तिचं लग्न होऊन गेलं होतं.” त्यांनी नळ बंद केला. “तू का उभी आहेस अजून?”

मी बंदरापर्यंत धावत गेले. एर्वान शिडाच्या ढिगात बसला होता. मला पाहून उठला, पण पुढे आला नाही.

“काय चुकलं माझं, नोल्वेन?”

मी धापा टाकत भुवयांपासून काकापर्यंत सगळं सांगू लागले. त्याचा चेहरा पांढराफटक पडला.

“म्हणजे... आपण नातेवाईक आहोत?”

मी त्याच्या हातातली सुई काढून बाजूला ठेवली.

“अजून तरी नाही.”