दरीने दिलेली ओ

सात घरं. त्यातली तीन बिनछपराची. डाळिंबाची पाच झाडं, पाण्याचा एक कोरडा पाट.

माणूस एकही नाही.

हे अश्लेषाने स्वतः मोजलंय. न मोजता कशावर विश्वास ठेवणारी ती नाही. म्हणूनच तिने सांगितलेलं हे मला खोटं म्हणता येत नाही.

नोव्हेंबर २०१६. शुक्रवारची दुपार. ओमानच्या डोंगरातलं, दरीच्या अगदी काठावरचं एक ओसाड गाव.

अश्लेषा गुहागरची, फिजिक्समध्ये नुकतीच एमएस्सी झालेली. मोठा भाऊ धनंजय ओमानमधल्याच सोहारच्या एका कारखान्यात टेक्निशियन. नोकरी सोडून तो कायमचा घरी निघाला होता. रविवारचं दोघांचं विमान. "त्याला घेऊनच ये," असं बजावून आईने तिला पाठवलं होतं.

खालच्या वस्तीतल्या दुकानात पाण्याच्या बाटल्या देताना म्हातारा महमूद दरीकडे बोट दाखवत म्हणाला, "ऊपर जाओ, फोटो निकालो. लेकिन वादी के सामने किसी का नाम नहीं पुकारना."

"पुकारा तो?" धनंजयने हसत विचारलं.

महमूद हसला नाही.

वर पोचल्यावर अश्लेषाला दरीची रुंदी मोजायची हुक्की आली. हाक मारायची, प्रतिध्वनी किती वेळाने येतो ते फोनवर रेकॉर्ड करायचं. समोरचा कडा जितका जवळ, तितका वेळ कमी. साधा हिशोब.

"एमएस्सी करून शेवटी डोंगराला हाका मारणार तू!"

"गप रे. नाव घेत नाहीये कुणाचं."

नाव तिने खरंच घेतलं नाही. मोठ्या भावाला तिने जन्मात कधी नावाने हाक मारली नव्हती.

"दादाऽऽ!"

प्रतिध्वनी दोन सेकंदांनी आला. म्हणजे कडा साधारण साडेतीनशे मीटरवर.

खात्रीसाठी तिने पुन्हा हाक मारली.

एक सेकंद.

ती जागची हलली नव्हती. आणि कडा तर...

तिसऱ्यांदा. अर्धा सेकंद.

डाळिंबाच्या झाडांवर मघापासून किलबिलणारे पक्षी... गप्प.

चौथी हाक तिने मारलीच नाही.

तरी ती आली.

"दादाऽऽ..."

तिचाच आवाज. काठाच्या अगदी खालून.

"ओ!" धनंजयने सवयीने ओ दिली.

"दादा, मी इथे आहे! ती मी नाही!"

तिने त्याचा हात घट्ट धरला. त्याने तिच्याकडे पाहिलं... अनोळखी बाईकडे पाहावं तसं. हात सोडवून घेतला.

"आलो गं," तो दरीकडे बघून म्हणाला. आणि पायवाटेने खाली उतरू लागला.

ती मागे धावली. वळणापलीकडे वाट संपली होती. पुढे सरळ कडा.

पडल्याचा आवाज नाही. किंकाळी नाही.

पोलिसांनी दरी पिंजून काढली. हेलिकॉप्टर आलं. बूटसुद्धा मिळाला नाही.

अश्लेषा एकटी घरी गेली. आईने दार उघडलं आणि तिच्या पाठीमागे पाहिलं.

तेव्हापासून दर वर्षी ती तिथे जाऊन त्याच जागेवरून हाक मारते. फोन चालू असतो. ती रेकॉर्डिंग्ज मी एकदा ऐकलीत. पुन्हा ऐकणार नाही.

प्रतिध्वनी आता येत नाही. धनंजयच्या आवाजात ओ येते.

२०१७ साली ती दोन सेकंदांनी आली.

२०१८ साली, पाच.

२०१९ साली, अकरा.