आठ वाजेपर्यंत सर्व ठीक

हे ज्याच्या बाबतीत घडलं तो माझा मावसभाऊ. तो कधी खोटं बोलत नाही, असं काही मी सांगणार नाही. उलट तो एकदा खोटं लिहून बसला होता, आणि पुढचं सगळं त्यातूनच निघालं. म्हणून तर माझा त्याच्यावर विश्वास आहे.

वार रविवार. वेळ दुपारी अडीचची. असल्या गोष्टी रात्रीच घडतात असं तुम्हाला वाटत असेल, तर ते आधी डोक्यातून काढून टाका. बाहेर लख्ख ऊन होतं.

जागा, पोलीस ठाण्यातली दोन नंबरची कोठडी.

जागा नीट समजून घ्या, म्हणजे पुढे अडखळायला होणार नाही. ठाण्यात शिरलं की काउंटर. काउंटरमागे दार. दारातून आत लांब बोळ, आणि बोळाच्या शेवटी वळण. वळणावर पहारेकऱ्याचं टेबल, खुर्ची, आणि भिंतीवर अर्ध्या तासाला टोला देणारं जुनं घड्याळ. वळणाच्या पलीकडे कोठड्या.

टेबलावरून कोठडी दिसत नाही. फक्त ऐकू येते.

माझा भाऊ तिथे हवालदार. सव्वीस वर्षं नोकरी झालेली. घरीदारी सगळे त्याला अप्पा म्हणतात. मी वयाने मोठा, तरी मीही अप्पाच म्हणतो.

कोठडीच्या पहाऱ्याचा एक नियम असतो. दर अर्ध्या तासाने पहारेकऱ्याने उठायचं, गजांपर्यंत जायचं, आतल्या माणसाला हाक मारायची. त्याने आवाज दिला की परत येऊन रजिस्टरात वेळ टाकायची आणि लिहायचं, सर्व ठीक. खाली सही.

नियम चांगलाच आहे. पण सकाळी साहेब माणूस बघत नसत, रजिस्टर बघत. एखादा रकाना रिकामा राहिला की मेमो. म्हणून त्या ठाण्यात एक सोय पडून गेली होती. पाळीवर बसलं की पहिल्यांदा आठ वाजेपर्यंतचे सगळे रकाने भरून टाकायचे. अडीच, सर्व ठीक. तीन, सर्व ठीक. साडेतीन, सर्व ठीक. एका दमात, एकाच पेनाने.

मग पाय पसरून बसायला मोकळे.

त्याच्या आदल्या रविवारी कोठडीत एक रंगारी होता. घरांना रंग देणारा, चाळिशीचा, अंगाने काडी. ज्या घरात काम चालू होतं तिथली अंगठी गेली, म्हणून संशयावरून आणलेला. त्याला दमा होता. कोठडीत जाताना माणसाकडचं सगळं काढून घेतात, पट्टा, बुटाच्या नाड्या, किल्ल्या. त्यात त्याचा दम्याचा पंपही निघाला. तो पाकिटात बंद होऊन टेबलाच्या खणात गेला.

दुपारी चारच्या सुमारास आतून आवाज आला होता. स्टीलचा पेला गजांवर. टण. टण. टण.

अप्पा म्हणाला, "थांब, येतो."

पुन्हा टण, टण, टण. या वेळी हळू.

"अरे थांब ना, येतो म्हटलं ना."

त्यानंतर काही आवाज आला नाही. अप्पाला वाटलं, झोपला असेल.

आठला पाळी बदलली, तेव्हा दुसरा हवालदार आत गेला. रंगारी गजांना टेकून बसला होता, पेला हातात. डॉक्टर म्हणाले, याला जाऊन काही तास झालेत.

रजिस्टर मात्र म्हणत होतं, साडेसात, सर्व ठीक.

अंगठी तिसऱ्या दिवशी त्याच घरात कपाटामागे सापडली.

साहेबांनी जुनं रजिस्टर नाहीसं केलं. नवं आणलं आणि अप्पाला समोर बसवून पहिलं पान पुन्हा लिहवून घेतलं. वेगवेगळ्या पेनांनी, कुठे तिरकं, कुठे सरळ, म्हणजे दर अर्ध्या तासाने लिहिल्यासारखं वाटावं. साडेसातच्या रकान्यात त्यांनी स्वतः मजकूर सांगितला, हाक मारली, बरा आहे म्हणाला.

"सोमवारी मॅजिस्ट्रेट चौकशीला येतायत," साहेब म्हणाले. "जबाब टाइप करून ठेवलाय. सही करायची आणि गप्प बसायचं. माणूस आजारी होता, गेला. तुझ्या मुलीचं कॉलेज चालू आहे ना?"

अप्पाने मान हलवली.

पण रोज ठाण्यात शिरताना त्याला एका बाईसमोरून जावं लागे. रंगाऱ्याची बहीण. समोरच्या बाकावर सकाळपासून संध्याकाळपर्यंत बसलेली. भांडत नव्हती, रडत नव्हती. खाकी कपडे दिसले की एवढंच विचारायची, "त्यानं शेवटी काही मागितलं होतं का हो?"

अप्पा रोज खाली बघून आत जायचा.

आता तो रविवार.

स्टेडियमवर मोठा सामना होता. सगळं ठाणं बंदोबस्ताला गेलेलं. पुढे काउंटरवर नवी लागलेली एक पोरगी, वायरलेस सांभाळत. मागे एकटा अप्पा. साहेब जाताना सांगून गेले, "उद्या मॅजिस्ट्रेट कोठडी बघतील. आतून एकदा झाडून घे."

अप्पाने मोबाइल टेबलावर चार्जिंगला लावला. झाडू घेतला. कोठडीचं दार असं, की ओढलं गेलं की बाहेरचा खटका आपोआप पडतो. आतून उघडायची सोयच नाही. म्हणून आत जाताना दाराखाली लाकडी पाचर ठोकायची, हे तिथल्या प्रत्येकाला पक्कं माहीत.

अप्पाने पाचर ठोकली. पायाने दाबूनही बघितली.

आत शिरला. टोपी काढून कपाळ पुसलं. कोपऱ्यात पेला तसाच पडला होता, तो उचलायला वाकला.

आणि...

खट.

दार बंद.

वारा नव्हता. त्या बोळाला खिडकीच नाही.

त्याने दार हलवून बघितलं. मग हाक मारली. "अगं पोरी... अगं ए." पुढे वायरलेसची खरखर चालू होती. मधे वळण, लांब बोळ आणि दार. हाक पोचणं कठीणच.

घड्याळाने अडीचचा टोला दिला.

आणि वळणापलीकडे... खुर्ची सरकली.

"कोण आहे?" अप्पा म्हणाला. "कोण आहे तिकडे? अरे दार उघड, आत अडकलोय."

त्याने दार पुन्हा हलवलं.

मग आला तो आवाज अप्पा सव्वीस वर्षं ऐकत होता. रजिस्टर उघडल्याचा. पानाची सळसळ. आणि पेन... कागदावर चालणारं पेन. थोडं लिहायचं, थांबायचं. पुन्हा तेवढंच लिहायचं, थांबायचं.

कितीदा, ते अप्पाने मोजलं. बारा वेळा.

अडीचपासून आठपर्यंत बारा रकाने होतात.

"बंदोबस्तावरून कोण परत आलंय रे? मस्करी पुरे," अप्पा म्हणाला.

तीनचा टोला पडला. कुणी उठलं नाही.

साडेतीनला पावलं ऐकू आली. टेबलापासून वळणाच्या टोकापर्यंत. डाव्या बुटाचा तळ करकरत होता.

अप्पाने आपल्या पायांकडे बघितलं.

अख्ख्या ठाण्यात करकरणारा डावा बूट एकच. त्यावरून सगळे त्याची थट्टा करायचे, चोराला आधीच निरोप जातो म्हणायचे. तो बूट आत्ता त्याच्या पायात होता. आणि तो जागचा हलला नव्हता.

पावलं वळणावर थांबली. एक पाऊल पुढे टाकलं असतं, तर समोर दिसलं असतं.

टाकलं नाही. परत गेली. खुर्ची करकरली.

कोठडीतली हवा जड झाली होती. अप्पाला दमा नाही, कधीच नव्हता. तरी छातीवर कुणी बसल्यासारखं झालं. श्वास आत जाईना. ओरडायला तोंड उघडलं तर नुसती शिट्टीसारखी हवा निघाली. भिंत धरून तो गजांपाशी आला आणि खाली बसला.

हातात पेला होताच. त्याने तो गजांवर मारला.

टण. टण. टण.

वळणापलीकडून आवाज आला... अगदी सवयीचा, आळसावलेला.

"थांब, येतो."

तो अप्पाचाच आवाज होता.

अप्पाने पुन्हा पेला मारला. हातात जोर राहिला नव्हता, त्यामुळे या वेळी हळू वाजला.

"अरे थांब ना, येतो म्हटलं ना."

अप्पा सांगतो, भीती वाटायची तेवढी तिथेच संपली. पुढे फक्त कळत गेलं. की हा माणूस येणार नाही. की तो दहा पावलांवर आहे, त्याला ऐकू येतंय, आणि तो येणार नाही. घड्याळाने चार वाजवले. मग साडेचार. मग पाच.

"देवा, त्याला एकदा उठव," एवढंच तो मनात म्हणत होता.

सहाला दार उघडलं. समोर काउंटरवरची पोरगी.

"काका? तुम्ही आत काय करताय?"

अप्पा बाहेर आला आणि तिथेच जमिनीवर बसला. छाती एकदम मोकळी झाली, कुणी हात काढून घ्यावा तशी.

"साडेतीन तास," तो म्हणाला. "साडेतीन तास हाका मारतोय मी."

पोरगी हसली. मग त्याचा चेहरा बघून हसायची थांबली.

"असं कसं, काका? चारला मी आले होते ना बोळात, चहा सांगू का विचारायला. तुम्ही टेबलाशीच होतात. मान खाली घालून लिहीत होतात. मी हाक मारली तर म्हणालात, थांब, येतो. मला वाटलं कामात आहात."

"तोंड बघितलंस माझं?"

"टोपी होती डोक्यावर. तोंड नाही दिसलं."

अप्पाची टोपी कोठडीत, कोपऱ्यात पडली होती.

दोघं टेबलापाशी आले. नवं रजिस्टर उघडं होतं. दुसरं पान. सकाळी ते कोरं होतं, कारण रंगाऱ्यानंतर कोठडी रिकामीच होती. आता त्यावर बारा ओळी होत्या. अडीच, सर्व ठीक. तीन, सर्व ठीक. थेट खालपर्यंत, आठ, सर्व ठीक. अक्षर अप्पाचं. बारा सह्या अप्पाच्या.

पान उडू नये म्हणून वर वजन ठेवलेलं होतं.

दाराची लाकडी पाचर.

अप्पाने पान फाडायला हात घातला. पोरीने रजिस्टर आपल्याकडे ओढलं आणि घड्याळाकडे बघितलं.

"सहा वाजून पाच," ती म्हणाली. "आणि यात आठपर्यंत लिहिलंय." खिशातलं पेन काढून तिने पानाच्या तळाशी वेळ टाकली, मी पाहिलं असं लिहिलं आणि सही केली.

"हे काय करतेस?"

"पहिल्याच आठवड्यात तुम्हीच शिकवलंत ना, काका. डोळ्यांनी बघितलं ते लगेच लिहायचं, उद्यावर टाकायचं नाही."

ठाण्याबाहेर पडताना बाक समोर होता. त्या दिवशी अप्पाने खाली बघितलं नाही. तो बहिणीपाशी जाऊन उभा राहिला.

"मागितलं होतं," तो म्हणाला. "दोनदा. मी गेलो नाही. पंप माझ्याच खणात होता."

बाई बाकावरून उठली. मग पिशवी उचलली आणि चालायला लागली. त्यानंतर ती बाकावर दिसली नाही.

सोमवारी अप्पाने त्या जबाबावर सही केली नाही. घडलं तसं सांगितलं. साहेब शांतपणे म्हणाले, "याचं डोकं फिरलंय. रजिस्टर बघा. दर अर्ध्या तासाची नोंद आहे."

तेव्हा पोरीने दुसरं पान उलटून दाखवलं.

मॅजिस्ट्रेटांनी विचारलं, "रिकाम्या कोठडीच्या नोंदी का लिहिल्यात? त्याही दोन तास आधीच?"

"त्या मी लिहिल्या नाहीत," अप्पा म्हणाला. "पण अक्षर माझंच आहे. मी असाच लिहायचो."

त्यांनी ते पान खूप वेळ बघितलं आणि पुराव्यात घेतलं. जुनं रजिस्टर तर गेलंच होतं. त्या ठाण्यात नोंदी आधीच भरतात, हे दाखवणारा जगात तेवढा एकच कागद उरला होता. तो कुणी लिहिला, ते आजपर्यंत कुणाला सांगता आलेलं नाही.

साहेबांवर खटला चालू आहे. अप्पावरही. नोकरी गेली. मुलगी शिकवण्या घेऊन कॉलेज करते.

मागच्या महिन्यात मी त्यांच्याकडे दुपारी थांबलो होतो. घरात चारजण, अप्पा, वहिनी, मुलगी आणि मी. दर अर्ध्या तासाला अप्पा उठतो. प्रत्येक खोलीच्या दारापर्यंत जातो, हाक मारतो आणि आवाज घेतल्याशिवाय हलत नाही. वहिनी स्वयंपाकघरातून म्हणते, "आहे हो, अजून आहे." मुलगी म्हणते, "हजर, साहेब." घराला सवय झाली आहे.

चारला त्याने वहिनीला हाक मारली. मुलीला मारली. मला मारली. आम्ही तिघांनी आवाज दिला.

मग तो मागच्या खोलीकडे गेला. तिथे कुणी राहत नाही. हातात पाण्याने भरलेला पेला होता. दारात उभा राहून त्याने विचारलं, "काय रे, बरा आहेस ना?"

आणि थांबला.

माणसाला उत्तर द्यायला जेवढा वेळ लागतो, तेवढाच.

"बरं," तो म्हणाला. पेला आत ठेवला आणि परत येऊन माझ्याशेजारी बसला.

मुलीने मला हळूच विचारलं, "काका, तुम्हाला काही ऐकू आलं?"

मी नाही म्हणालो. विचारेल त्याला मी नाहीच म्हणतो.