मधल्या खोलीतलं पीठ

ठेव बरं तो मोबाईल खाली, स्वप्निल. संध्याकाळपासून हाटेलांचे फोटो पाहून राह्यला. सिरोंच्याले जायचं हाय, तुही बायको-लेकरू अन् या ताबिशच्या घरचे, अन् खोली पाह्यजे सस्ती अन् साफ. बरोबर हाय. पण फोटोत साऱ्याच चादरी पांढऱ्या दिसतात बाप्पा. खोली साफ हाय का नाई, हे एक वेळ फोटोत समजन. कोणी साफ केली, हे समजत नाई.

हसू नोको. ताबिश, तो दरवाजा लोटून घे. सांगतो.

आपला शेजारचा देवानंद तुमाले माहीत हाय. मोबाईल दुरुस्तीचं दुकान. सारं बल्लारपूर त्याले खोलीवरून चिडवे. कुठी बाहेरगावी गेला की बायको-पोरगी गाडीत अन् हा लॉजमध्ये. आधी उशी हुंगे. मग गादी उचलून पाहे. मोरीत बॅटरी मारे. अन् खोली घेतली तरी घरून आणलेल्या ओल्या फडक्यानं सारी फरशी पुसे, मगच पोरीले आत आणे. मी म्हणो, "अबे, लॉजवाल्यानं तुलेच पगार द्याले पाह्यजे." पण त्याचं काही चुकत नव्हतं. त्याची दिव्यानी सहा वर्षांची, अन् दम्याची. नाकात धूळ गेली की पोरगी निळी पडे. साफ खोली म्हणजे त्याच्यासाठी चैन नव्हती, पोरीचा जीव होता.

गेल्या साली शिवरात्र बुधवारी आली. बुधवारी गर्दी असते म्हून हे तिघं गुरुवारी मार्कंड्याच्या जत्रेले गेले. अमावास्या होती. दर्शन झालं, पोरगी पाळण्यात बसली, जिलेबी खाल्ली. पण जत्रेची धूळ काही सोडत नाई. दिवस बुडायच्या आत पोरीची छाती वाजायले लागली.

चामोर्शीले दवाखान्यात वाफ दिली. थोडं उतरलं. डॉक्टर म्हणे, आता रस्त्यानं नेऊ नका, रातभर साफ जागेत निजवा. तो रस्ता तुमी पाह्यला हाय. लोखंडाच्या दगडाचे ट्रक रातभर चालतात, लाल धूळ खाली बसतच नाई. काचा बंद केल्या तरी दातात कचकच लागते. त्या धुळीतून आष्टी, गोंडपिपरी करत पोरीले घरी आणणं म्हणजे...

म्हून खोली पाहायले लागले. जत्रेमुळे सारे लॉज भरलेले. एकात खोली होती. फोटोत चकाचक. आत गेला तं भिंतीले खर्रा-तंबाखूच्या पिचकाऱ्या. दुसऱ्यात गादी उचलली अन् खालून अशी धूळ उडाली की हा स्वतःच शिंकत बाहेर आला. त्याची बायको साधना गाडीत पोरीले मांडीवर घेऊन बसली होती. म्हणे, "अहो, तुमचं हुंगणं पुरे करा. हिले कुठी तरी आडवी करा."

तिथी एक चहावाला होता. गोंडपिपरीचा, साल-दरसाल फक्त जत्रेपुरता येणारा. तो म्हणे, "इंदिराबाईकडे जा ना भाऊ. फाट्याच्या अलीकडे, तळ्याच्या पाळीवर घर हाय. जत्रेतल्या लोकाईले खोल्या देते. मागच्या साली मी तिथीच होतो. फरशीवर भात वाढून खा, असं घर."

गेले. गावातली लाईन गेली होती. घर रस्त्यापासून आत, एकलं. दार उघडं. ओसरीवर एक म्हातारी बसून होती, भिंतीले टेकून.

"बाई, खोली भेटन का? पोरीले दम्याचा..."

"माहीत हाय," म्हातारी म्हणे. "छाती वाजून राह्यली तिची. रस्त्यावरूनच आईकू आलं मले."

गाडीच्या काचा बंद होत्या.

"मधली खोली घे बापू. आजच धुतली."

"भाडं?"

"सकाळी घरचे येतीन. त्याईले दे."

ती उठली नाई. कंदील नाई, किल्ली नाई. हा आत जायले लागला तं मागून म्हणाली,

"एक काम करजो. कोपऱ्यात पीठ सांडलं हाय. तेवढं पुसून टाक." मग थांबली. "माह्यानं... पुसल्या जात नाई."

म्हातारं माणूस, कंबर दुखत असन, असं याले वाटलं.

खोली पाहून देवानंद खूश झाला. एवढी साफ खोली त्यानं जन्मात पाह्यली नव्हती. ना पलंग, ना कॅलेंडर, ना जाळं. चुन्याच्या भिंती. कोनाड्यात दिवा जळून राह्यला. लाईन नाई, म्हून ठेवला असन. अन् कोपऱ्यात एक टोपली, पालथी.

टोपली उचलली. खाली पीठ.

आता पाहा, सांडलेलं पीठ कसं असते? वेडंवाकडं असते. हे पीठ कोणीतरी हातानं सारखं केलं होतं. पातळ. गुळगुळीत. देवानंदनं ते पाह्यलं. मले स्वतः म्हणाला, "भाऊ, मले समजलं होतं का नव्हतं, ते मलेच माहीत नाई." पण त्या वेळी त्याच्या डोक्यात एकच चालू होतं. पीठ उडन. पोरीच्या नाकात जाईन.

फडकं ओलं केलं. पुसलं. कोपरा न् कोपरा.

तेवढ्यात ओसरीवरून आवाज आला. लांब श्वास सोडल्याचा. भारा खाली ठेवल्यावर माणूस सोडते ना... तसा.

पोरीले आणायले हा बाहेर आला, तं ओसरीवर कोणी नव्हतं.

झोपले तिघं. मधात दिव्यानी. तिच्या छातीची शिट्टी वाजून राह्यली होती. देवानंदले त्या शिट्टीशिवाय झोपच येत नव्हती, सहा वर्षांची सवय. ऐकत ऐकत डोळा लागला.

जाग आली तं दिवा विझला होता. गच्च अंधार.

अन् शिट्टी नाई.

पोरीच्या नाकापुढे बोट धरलं. श्वास होता. मोकळा. साफ. असा श्वास त्यानं तिचा कधी ऐकलाच नव्हता.

मग तो दुसरा आवाज समजला.

खस... खस... खस...

पाठीवर हात फिरवल्याचा. हळूहळू. कोरड्या हाताचा.

साधना जागी हाय, असं वाटलं. अंधारात चाचपलं. साधना भिंतीकडे तोंड करून निजली होती. तिचे दोन्ही हात गालाखाली.

खस... खस...

याले ओरडायचं होतं. तोंड उघडलं, तेवढ्यात...

पोरगी झोपेत बोलली. "तिकडं नाई ना आजी... इकडं."

हात थांबला.

मग... इकडं सुरू झाला.

देवानंदच्या अन् पोरीच्या मधात एक वीत जागा. पोरीले उचलून पळावं, एवढंच करायचं होतं. पण तो श्वास... तो मोकळा श्वास ऐकून राह्यला होता ना. उचललं अन् बंद झाला तं?

तो उठला नाई. पडून राह्यला. उजेड येईपर्यंत. मले सांगताना रडला थो. मी तुमाले सांगतो पोरंहो, मले त्याची कीव आली, अन् भीतीही वाटली.

सकाळी घरचे आले. इंदिराबाईचा पोरगा लच्छू अन् सून दामिनी. दारातच थबकले.

"कोण तुमी? आत कसे आले?"

"रातच्याले बाईनं खोली देल्ली."

"कोणती बाई?"

देवानंदनं सांगितलं. भिंतीले टेकून बसलेली, पांढऱ्या केसाची, पायात जोडवी, बापू म्हणणारी. लच्छू ओसरीवरच खाली बसला. त्याच्या हातात किल्ली होती. कुलूप कडीले लटकून होतं, बंदचं बंद. कडी मात्र उघडी.

"माय गेली माही," तो म्हणे. "काल दहावा दिवस होता."

आता हे तुमाले माहीत हाय का नाई, तुमी आजकालचे. जिथी माणसाचा जीव गेला, तिथी पीठ पसरतात, टोपली झाकतात, दिवा ठेवतात. घर बंद करून सारे दुसरीकडं झोपतात. सकाळी टोपली उचलायची अन् पाहायचं, काय उमटलं. पाखराचं पाऊल, गाईचं खूर, लेकराचं पाऊल. जे उमटलं, त्या जन्माले माणूस गेलं. मागच्यांचा जीव थंडा होते.

दामिनी थेट मधल्या खोलीत गेली अन् बाहेर आली. "पीठ कुठी हाय?"

देवानंदनं फडकं दाखवलं. त्याले पिठाचा चिकटा लागून होता.

"काय केलं हो भाऊ!" ती बाई ओरडली. "दहा दिवस आमी रडलो, का निदान कुठी गेली ते समजन. आता थे कुठी जाईन?"

बोलता बोलता तिची नजर अंगणात गेली. दिव्यानी कोंबड्यांमागे धावून राह्यली होती. हसत. जी पोरगी जिना चढली तरी बसून जाये, थे धावून राह्यली होती.



शेवटी लच्छू म्हणे, "आज रातच्याले तुमच्या घरी पीठ पसरून पाहा. काही उमटलं तं मले फोन करा. पोरीले घेऊन नदीवर या. मायले मोकळी करू."

"अन् पोरीची छाती?" देवानंदनं विचारलं. "थे अशीच राहीन?"



घरी आले. शुक्रवारी रातच्याले देवानंदनं सैपाकघरात पीठ पसरलं, दार लावलं. शनिवारी मी दूध घेऊन राह्यलो होतो, तं भिंतीवरून त्यानं मले हाक मारली. साधना निजून होती. मले आत नेलं. पीठ दाखवलं. मी पाह्यलं. मग त्यानं माह्यासमोर लच्छूले फोन लावला. एका हातात फोन. दुसऱ्या हातात ओलं फडकं.

"काही उमटलं नाई भाऊ," म्हणाला.

अन् पुसलं.

मी त्याले अडवलं नाई. काय म्हणून अडवू? एक वर्ष झालं, दिव्यानीले एकदाही धाप लागली नाई. काल पाह्यली ना तुमी, सायकल चालवताना?

काय उमटलं होतं, विचारतो ताबिश?

पाऊल होतं. एकच. दारातून आत येणारं. लेकराचं, दिव्यानीच्याच मापाचं. मी जाऊन तिचे तळवे पाह्यले, साफ होते. थे आईबापाच्या मधात निजून होती, रातभर उठली नव्हती.

पण त्या एवढ्याशा पावलाले... अंगठ्याच्या शेजारच्या बोटाले... पिठात गोल खूण होती.

जोडव्याची.