डाव्या बाजूची खडखड

"रुमेना, गाडी परत मेली."

फोनवर शेजारचा प्लामेन होता. सकाळचे सात वाजून दहा मिनिटं. तिच्या छोट्या लेकीला, यानाला, दाढा येत होत्या, त्यामुळे रुमेनाचा डोळा लागला होता तोच मुळी पाचच्या सुमाराला.

"किल्ली फिरवल्यावर काय होतं?"

"नुसतं टक्. मग तेही नाही."

"काकूंनी पाणी ओतलं?"

"ओतलं ना. आता आई पायरीवर बसून रडतेय. आज निघायचं नाही म्हणते."

रुमेनाने कपाळ चोळलं. निघणाऱ्याच्या वाटेवर उंबऱ्यातून पाणी ओतलं की वाट पाण्यासारखी सरळ जाते, हे सगळं गाव मानतं. स्टाना काकूंचा त्यावर आणखी एक नियम होता. पाणी ओतलं आणि चाक हललं नाही, तर त्या दिवशी घर सोडायचं नाही. त्यांचा थोरला भाऊ तो नियम मोडून निघाला होता आणि परत आला नव्हता. त्या घरात यावर कुणी वाद घालत नसे.

आजचा हा तिसरा शुक्रवार. प्लामेनला जर्मनीत फरशा बसवायचं काम मिळालं होतं, पण गाडी दर शुक्रवारी मरत होती, बॅटरी बदलून किंवा भरून घेईपर्यंत रविवार उजाडत होता, आणि दोन सोमवार हुकले होते. या सोमवारी हजर झाला नाही, तर त्याच्या जागी दुसरा माणूस उभा राहणार होता.

रुमेना गाड्यांमध्ये गाण्याची यंत्रं बसवायची, आणि गल्लीत बोललं जात होतं की तिने बसवलेल्या यंत्रानेच प्लामेनची गाडी खाल्ली.

तिने यानाला ढकलगाडीत बसवलं. मनगटावर मार्चमध्ये शकुनाचा म्हणून बांधलेला लाल-पांढरा दोरा तोंडात जात नाही ना हे पाहिलं, टोपी कानावर ओढली. मीटर आणि हत्यारं ढकलगाडीच्या खालच्या टोपलीत टाकली. टोपलीचा पट्टा गेल्या उन्हाळ्यात तुटला होता. प्लामेनच्या वडिलांनी, गेंचो काकांनी, तो मेणाच्या तपकिरी दोऱ्याने असा बांधून दिला होता, की बाकीची ढकलगाडी मोडेल पण तो पट्टा सुटणार नाही.

अंगणात गाडी उभी होती. डिकी उघडी. फरशी कापायचं यंत्र, बादल्या, प्लामेनच्या बायकोची, नेदाची, सूटकेस, सगळं भिंतीशी ओळीने लावलेलं.

"सामान कुणी उतरवलं?"

"बाबांनी," प्लामेन म्हणाला. "दर वेळी तेच उतरवतात. म्हणतात, रुमेनाला वाकायला जागा पाहिजे."

गेंचो काका जवळच उभे होते. तीस वर्षं टेकडीखालच्या कारखान्यात विजेच्या गाड्या जोडल्या होत्या त्यांनी. कारखान्याच्या आवाजाने डावा कान गेला होता.

"काय निघालं?" त्यांनी विचारलं.

"अजून हात तरी लावू द्या, काका," रुमेना त्यांच्या उजव्या कानाशी म्हणाली.

"लवकर बघ. पोराला जायचंय. इथे काय ठेवलंय, भोपळे?"

तिने स्वतःची चांगली बॅटरी जोडली, दारं लावली, थांबली. मग गाडी बंद असताना किती वीज जाते ते मोजलं. अगदी नगण्य. मागच्या दोन्ही वेळा हाच आकडा होता. एवढ्याने बॅटरी महिनाभरात मरत नाही, आणि प्लामेनची तर पंधरा दिवसांपूर्वी घेतलेली.

"रविवार ते बुधवार गाडी कधी बंद पडली?"

"कधीच नाही. रोज चालवतो."

"सामान कधी भरता?"

"गुरुवारी. दुपारी चारला."

"म्हणजे फक्त निघायच्या आदल्या रात्री मरते." रुमेनाने यानाच्या तोंडातून दोरा काढला. "गाडीला कॅलेंडर कळत नाही, प्लामेन."

प्लामेन चाचरत म्हणाला, "आणि ती खडखड? तुला सांगितलं होतं बघ. मागे डावीकडे. पहिल्या शुक्रवारपासून."

सांगितलं होतं. तिने तेव्हा हात झटकले होते. ज्याची गाडी चालू होत नाही त्याची खडखड कोण ऐकत बसणार? आता तिने घाईघाईने गाण्याच्या यंत्रावर खालच्या पट्टीतला सूर लावला आणि डिकीत डोकं घातलं. डाव्या बाजूचं अस्तर पत्र्यावर दातासारखं वाजत होतं. तळहाताने दाबलं की गप्प. सोडलं की सुरू.

त्या अस्तरामागे तिने स्वतः आवाज दाबायला जाड लोकरी नमद्याच्या पट्ट्या चिकटवल्या होत्या. ते वाजणं शक्यच नव्हतं. कुणीतरी उघडल्याशिवाय.

तिने अस्तर काढलं. आत बराच वेळ पाहिलं. मग ते होतं तसं परत लावलं, आणि गालिच्याची कड उचलून खाली टेकवली.

"काय आहे?" प्लामेनने विचारलं.

"मला आधी कॉफी पाहिजे. आणि सगळे आत या."

स्वयंपाकघरात खिडकीशी कापडी पिशवीत दोन पाव होते. वाटेसाठी बांधलेली चीज भरलेली बनित्सा टेबलावर तशीच, गाठही न सुटलेली. रुमेनाने यानाला मांडीवर घेतलं.

"नेदा, तू आईकडे राहायला जाणार होतीस ना?"

"हो. प्लामेन परत येईपर्यंत. वाटेत तो मला सोडणार होता."

"मागच्या गुरुवारी कुठे होतीस?"

"तिकडेच. खोली रंगवत होते. शुक्रवारी सकाळी निरोप द्यायला बसने आले. का गं? माझ्यावर संशय आहे का तुला?"

"होता. काकू, आज पाणी कुणी भरलं?"

"मीच. एकटीने." काकूंनी नाक पुसलं. "हे साडेसहालाच बेकरीत पळाले. तिन्ही वेळा मीच ओतलं, मन लावून ओतलं. पोराने जाऊ नये असं मला वाटतं, ते काय लपून आहे? पण ओतताना खोटं ओतत नाही मी."

"माहीत आहे," रुमेना म्हणाली. यानाची पाठ थोपटत ती हळू आवाजात सांगू लागली.

"अस्तरामागे एक जास्तीची वायर आहे. बॅटरीच्या तारेवरून निघते आणि अॅम्प्लिफायर जागे करणाऱ्या वायरीला मिळते. मधे एक बटण आहे, डिकीच्या गालिच्याखाली. बटण दाबलं की दोन्ही अॅम्प्लिफायर जागे. गाणं नाही, आवाज नाही, फक्त रात्रभर वीज पितात. त्यांचे छोटे दिवे काळ्या कापडी टेपने झाकलेत, डिकी भरताना दिसू नयेत म्हणून. गुरुवारी चारपासून सकाळी सातपर्यंत, पंधरा तास. एवढ्या थंडीत कुठलीही बॅटरी झोपेल."

"पण तू मोजलंस तेव्हा काहीच नव्हतं," प्लामेन म्हणाला.

"कारण मी येण्याआधी बटण बंद झालं होतं. डिकीत हात घालायला निमित्त लागतं. सामान उतरवणं हे चांगलं निमित्त आहे."

कुणी कुणाकडे पाहिलं नाही.

"नेदा मागच्या गुरुवारी इथे नव्हती. काकूंनी पाणी ओतलं, आणि जी बाई भावाच्या वाटेचं पाणी विसरली नाही, ती लेकाच्या वाटेवर खोटं पाणी ओतणार नाही." तिने खिडकीकडे मान वळवली. "आज सकाळी हे घर दोन माणसांचं होणार होतं. दोन म्हाताऱ्या माणसांना एक पाव दोन दिवस पुरतो. वाटेची बनित्सा तर कालच बांधलेली. पण साडेसहाला, कुणी किल्ली फिरवायच्या आधी, कुणीतरी रोजच्यासारखे चार माणसांचे दोन पाव आणले."

गेंचो काका पिशवीकडे बघत राहिले.

"एवढ्यावरून?" नेदा पुटपुटली.

"नाही." रुमेनाने ढकलगाडीची टोपली पुढे ओढली. पट्ट्यावर मेणाच्या तपकिरी दोऱ्याच्या चपट्या गाठी होत्या, बोटभर अंतरावर, सगळ्या एकाच दिशेला. "अस्तरामागची वायर अशी बांधलीय. मी प्लास्टिकच्या पट्ट्या वापरते. आता गावात अशा गाठी मारणारं दुसरं कोणी उरलेलं नाही, काका."

काकांनी खुर्ची ओढली आणि जपून बसले.

"लोंबती वायर ठेवायला हात वळत नाही माझा," ते म्हणाले. "नमदा मात्र फाटला. वाजतंय हे मला कळलंच नाही."

"ऐकू कुठून येणार," काकू म्हणाल्या. "बहिरे. आणि तीन आठवडे मी स्वतःच्या हाताला अपशकुनी म्हणत रडत होते, ते तरी ऐकू आलं का तुम्हाला?"

काकांनी मान हलवली. आलं होतं.

"बाबा, तुम्हीच तर म्हणायचात, जा, जा," प्लामेन म्हणाला. आवाजात राग नव्हता, नुसता थकवा होता. "थांब म्हणायचं होतं एकदा."

"म्हटलं असतं तर थांबला असतास. मग पुढे पैसे कमी पडले की माझं तोंड आठवलं असतं तुला. गाडीच नको म्हणाली, तर कुणाचाच दोष नाही." ते भिंतीवरच्या फोटोकडे बघत होते. त्यात त्यांची लेक होती, दोन वर्षांसाठी स्पेनला गेलेली. बारा वर्षं झाली होती. "ती गेली तेव्हा मला वायरी जोडायचं सुचलं नाही."

याना झोपली होती. तिच्या लाळेने ओल्या झालेल्या मनगटावर रुमेनाने हात ठेवला. हीसुद्धा एक दिवस सूटकेस भरेल, हा विचार आला आणि तिने तो चटकन बाजूला सारला.

"अॅम्प्लिफायर मी बसवलेत," ती म्हणाली. "जास्तीची वायर मी काढते."

"मी काढतो," काका म्हणाले. "मी बांधलीय. तू नमदा तेवढा दे."

शनिवारी सकाळी पावणेसातला रुमेना यानाला कडेवर घेऊन फाटकाशी उभी होती. सामान भरलं होतं. उंबऱ्यात काकू पाण्याचं तांब्याचं भांडं धरून उभ्या होत्या.

"बाबा कुठे?" प्लामेनने विचारलं.

"येतील," काकू म्हणाल्या. "त्यांच्याशिवाय नाही ओतणार."

कोपऱ्यावरून गेंचो काका येताना दिसले. सावकाश, जोडे घातलेले, पिशवी पोटाशी धरलेली. जवळ आल्यावर पिशवीचं उघडं तोंड दिसलं. आत एकच पाव होता.

काकूंनी भांडं कलतं केलं.