ज्याचं काम त्याची खूण

तो चुकीच्या दारातून आत आला. त्याला शेजारच्या शिंप्याकडे जायचं होतं.

"हे शिवून मिळेल का?" बॅग पुढे धरत त्यानं विचारलं. बॅगेचा कोपरा उसवला होता आणि आतून औषधांचे नमुने डोकावत होते. बाहेर भुरभुर पाऊस पडत होता, चष्म्यावर थेंब होते, त्यामुळे समोर शिंपी आहे की पोरगी, हे त्याला धड दिसतही नसावं.

"इथं पुस्तकं शिवतात," ती म्हणाली.

"मग... हिला पुस्तक समजा."

"पानं कुठायत?"

"मनात आहेत," तो म्हणाला, आणि स्वतःच लाजला.

असलं वाक्य दुसऱ्या कुणी टाकलं असतं तर तिनं हातातली आरी दाखवून त्याला रस्ता दाखवला असता. पण तो लाजला ना... तिथंच सगळं फिसकटलं. तिनं मेण लावलेला पांढरा दोरा घेतला आणि काळ्या बॅगेवर सात टाके घातले. पुस्तकाचे टाके. शंभर वर्षं उसवणार नाहीत असे.

दुसऱ्या दिवशी तो परत आला. बॅग शाबूत होती. तिसऱ्या दिवशीही शाबूतच होती.

"आज काय उसवलंय?" तिनं विचारलं.

"काहीच नाही. तेच दाखवायला आलो."

तिची मैत्रीण, जिच्या जिभेमुळे सगळे तिला कात्री म्हणत, त्याला बॅगवाला म्हणायला लागली. बॅगवाला दवाखान्या-दवाखान्यांत फिरून औषधं खपवायचा आणि संध्याकाळी दुकानाच्या पायरीवर बसायचा. जाताना बॅगेची ती शिवलेली बाजू छातीशी धरायचा. तिला वाटायचं, जपतोय. प्रेमात पडलेल्या माणसाला डोळे नसतात हे साफ खोटं आहे. डोळे असतात, त्यांना कुणी कामाला लावत नाही, एवढंच.

वर्षभरात लग्न ठरलं. पत्रिका हातानं करायच्या, ही कल्पना त्याचीच. दोनशे पत्रिका, चार रविवार. दुकान तिच्या बाबांचं; ते जाड कागद कापून घड्या घालायचे. आत्या आतल्या पातळ पानावर मजकूर लिहायची. तिचं अक्षर असं की बिलसुद्धा वाचत बसावं. कात्री पाकिटांना खळ लावायची, कागदाला कमी आणि स्वतःला जास्त. आणि ती नि तो समोरासमोर बसून शिवायचे.

"तुझा टाका बघ, दारू पिऊन चाललाय," ती म्हणायची.

"तू समोर बसल्यावर सरळ कसा जाईल?"

"मग मी उठते."

"मग दोरा कोण ओवेल?"

"पुरे!" आत्या ओरडायची. "माझी शाई सुकत नाहीये तुमच्या या ओलाव्यात."

पहिल्याच रविवारी आत्यानं बाबांच्या नावापुढे 'बुकबाइंडर' असं लिहिलं, तेव्हा बाबा चुळबुळले. "काम कशाला घालता? नुसतं नाव पुरे."

"घालायचंच!" बॅगवाला म्हणाला. "मला अभिमान आहे, बाबा."

बाबांनी मान खाली घातली आणि एकच घडी तीनदा दाबली.

त्या दुकानाचा एक जुना नियम होता. ज्यानं शिवलं त्यानं घडीच्या आत पेन्सिलीनं बारीक खूण करायची. तिची खूण त्रिकोण. त्यानं गोल घेतला. "ज्याचं काम त्याची खूण," बाबा त्याला म्हणाले. "चूक निघाली तर ज्याची त्याच्या गळ्यात. आणि चांगलं निघालं तर श्रेय चोरता येत नाही कुणाला."

चौथ्या रविवारी दोनशेवी पत्रिका शिवून झाली. सोमवारी ती दोरा आणायला गेली. परत आली तेव्हा बाबा कटिंग मशीनवर उभे होते. गावाच्या दुसऱ्या टोकाच्या छापखान्यातून गठ्ठा आला होता. त्या छापखान्याकडे कापायचं मशीन नाही. वीस वर्षं त्यांचं सगळं कापायला इथंच येतं. धंद्यातल्या पोरालाही हे ठाऊक असतं. बॅगवाला धंद्यातला नव्हता.

"तू खळ ढवळ," बाबा म्हणाले. तिच्याकडे न बघता.

म्हणून तिनं गठ्ठ्याकडे बघितलं.

सोनेरी अक्षरं. गुळगुळीत कागद. वराच्या जागी त्याचं नाव, वधूच्या जागी तिचं. तारीख तीच. आणि बाबांच्या नावापुढे छापलं होतं – प्रकाशक.

पायाखालची जमीन सरकते म्हणतात. तिची सरकली नाही. ती तिथंच होती, खळीच्या डागांसकट, आणि तिच्यावर उभं राहून बाबा परक्याच्या पत्रिका कापत होते.

"थांबवा ते, बाबा."

"गिऱ्हाइकाचं काम आहे. काटकोनात जाऊ दे." पातं खाली आलं. "जन्मात कुणी एवढी बढती दिली नव्हती गं मला..."

ते हसले. त्या हसण्यासाठी तिनं बॅगवाल्याला आजवर माफ केलेलं नाही.

संध्याकाळी तो पाकिटं न्यायला आला. तिनं सोनेरी पत्रिका त्याच्यापुढे ठेवली.

"ही तुला... कुठून..."

"तुझा छापखानेवाला कापायला इथंच पाठवतो."

त्याचा चेहरा खळीसारखा पांढरा पडला. "अगं, आपल्या पत्रिका आहेतच की! त्या तुमच्याकडच्या लोकांना. या फक्त आईच्या माणसांना... मोठी माणसं आहेत गं ती. हाताची पत्रिका बघून त्यांना वाटेल, छापायचीही ऐपत नाही. आणि बाबांचा तर मानच वाढवलाय ना?"

"तुझ्या वडिलांच्या नावापुढे काय आहे?"

"निवृत्त... कारकून."

"ते बरं खरं छापलंस."

आतल्या खोलीत आत्याची लेखणी थांबलेली ऐकू येत होती.

"एकच विचारते," ती म्हणाली. तिला अजूनही वाटत होतं, हा बरोबर उत्तर देईल. वेड्यासारखं वाटत होतं. "लग्नात त्या मोठ्या माणसांपैकी कुणी विचारलं, मुलीचे वडील काय करतात, तर तू काय सांगशील?"

त्यानं चष्मा काढला. पुसला. परत लावला.

"आता छापलंच आहे तर... तेवढा एक दिवस..."

"जा," ती म्हणाली.

"एवढ्यासाठी? एका शब्दासाठी? अगं, माझं प्रेम आहे तुझ्यावर."

"असेल. माझंही आहे. म्हणून सांगते, जा."

त्यानं बॅग उचलली आणि सवयीनं शिवलेली बाजू छातीकडे वळवली. तेव्हा तिला दिसलं. वर्षभर समोर होतं, आता दिसलं. तो टाके जपत नव्हता. लपवत होता.

बाबांनी मात्र तो गठ्ठा ठरल्या वेळी छापखान्यात पोचवला. एकही पत्रिका तिरकी नव्हती.

पुढच्या रविवारी कात्री आली. दोनशे पत्रिकांकडे बघून म्हणाली, "त्या मेल्याच्या दारात होळी करू यांची."

"माझा कागद काय रस्त्यावर पडलाय?" आत्या म्हणाली. "आतलं पान काढा, कोरी पानं घाला, पुन्हा शिवा. खिशातल्या वह्या होतील."

मग सगळे बसले. एक जागा रिकामी होती, तिकडे कुणी बघितलं नाही. ती दोरे कापत गेली. त्रिकोण, त्रिकोण, गोल. गोल आला की टाका वाकडा. प्रत्येक वाकड्या टाक्याच्या वेळी तो काय बोलला होता, ते तिला आठवत होतं... सगळं.

कात्रीनं खोडरबर पुढे सरकवला. "पुसून टाक ते गोल. एकूण एक."

तिनं खोडरबर घेतला. बराच वेळ धरून ठेवला. समोर बाबा मान खाली घालून घड्या दाबत होते.

"नाही," ती म्हणाली. "शिवलं त्यानंच होतं."

आणि त्या गोलाशेजारी आपला त्रिकोण काढून तिनं सुईत दोरा ओवला.